खळ

मे महिन्यात नागपुरात बेडूक हवा असेल
तर तलावावर जाऊ नये.
घरमालकाच्या कूलरची मागची जाळी काढावी.
वाळ्याच्या ताटीखाली, पंपाच्या नळीला टेकून
तो बसलेला असतो, भाडं न देता.

समितीच्या परवानगीचा कागद फाइलला लावून
मी त्याला ओल्या रुमालात प्रयोगशाळेत नेलं.
पाठीच्या कातडीखाली सुईचा एक थेंब,
आणि त्याला घाम फुटला: दुधाळ,
कापलेल्या मुळ्याचा वास असलेला.
पाण्याने धुतलं, धुवण बाटलीत धरलं,
संध्याकाळी त्याला परत टाकीत सोडलं.
"कुठी नेलतं व याले?" यादोरावांनी विचारलं.
कामावर, मी म्हटलं.

यादोराव धकाते, गोळीबार चौक.
माग विकून बावीस वर्षं झाली,
बोटं अजून धोटा फेकल्यासारखी हलतात.
त्याच आठवड्यात त्यांच्या कमरेला नागीण उठली,
मणक्यापासून निघून बेंबीकडे सरकू लागली.
सून गेरू लावायची, पुढे रेघ ओढायची.
"डोकं शेपटीले भेटलं का माणूस खतम."
मी सांगितलं, या तुमच्या लहानपणच्या कांजिण्या.
साठ वर्षं मणक्याजवळ, नसेच्या मुळाशी झोपल्या होत्या.
"म्हणजे भाडेकरूच," ते म्हणाले.

नाग नदीच्या काठचं हे शहर.
सापाने बेडूक गिळताना इथे सगळ्यांनी पाहिलंय.
उलटं मी पाहते:
चोवीस मण्यांची एक पिळलेली माळ,
एका अंगाने तेलाची, एका अंगाने पाण्याची,
विषाणूच्या चरबीच्या पांघरुणात शिरते
आणि ते उसवते.
ताटलीत. अजून तरी फक्त ताटलीत,
आणि तीही नागिणीच्या चुलतबहिणीवर,
जी ओठावर उठते.

मोबाइलवर फोटो दाखवला.
सहा खाने, जांभळ्या रंगवलेल्या पेशींचा थर.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोन नाकापाशी नेला.
"हे तं कसर लागलेलं लुगडं."
बरोबर. तो विषाणू. आम्ही भोकं मोजतो.
"अन् हे?"
त्यात बेडकाचं आहे. एकच भोक.
"अन् हा खाना रिकामा काहून?"
तिथे मात्रा दुप्पट पडली. विषाणू गेला, पेशीही गेल्या.
तस्नीम मॅडमनी त्यावर लाल फुली मारलीय.

ते हसले नाहीत.
"खळ," म्हणाले. "जास्त झाली का सूत तडकते,
कमी झाली का कुसळते.
माह्या बाने मले खळ शिकवाले सात वर्षं घेतले.
तुमचे किती झाले?"
चार.
"मंग?"

त्यांना मी बेडकाचं काही दिलं नाही. देता येत नाही.
रक्तात गेली की ती माळ
तिसरा घास खावा तितक्यात तुटते.
मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दिवसाला पाच, सात दिवस.
नागीण बेंबीच्या चार बोटं अलीकडे थांबली.
सून म्हणते, गेरूने.
फोड वाळले, आग राहिली.
जन्मभर कापड विणलेल्या माणसाला आता
सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही.
उघडाच बसतो, कूलरसमोर.

आणि आता आम्हाला बेडूक लागत नाही.
मण्यांचा क्रम कळला; माळ हैदराबादहून कुरिअरने येते,
पांढरी भुकटी, चिमटीतही न येणारी,
बिलाची रक्कम माझ्या पगाराहून मोठी.
बिलावर त्याचं नाव नाही.

काल महापालिकेचा माणूस आला,
डासांसाठी टाक्यांत औषध ओतत, गल्लीभर.
यादोराव उघड्या अंगाने उठले,
कमरेवर हात न टेकता, हळू,
आणि जाळीसमोर उभे राहिले.
"थांब बे," म्हणाले,
"आत कामावरचा माणूस हाय."

मी बादली आणली. टाकीचं पाणी बदललं.